शरद जोशींच्या वाटेवर एक दिवस : पुण्याहून निघणाऱ्या अभ्यास-सहलीचे परीक्षण

पुण्यात वारसाफेऱ्यांना आता तोटा राहिलेला नाही. पेठांतले वाडे, कसब्यातली देवळे, छावणीतली चर्चे यांच्या फेऱ्या दर शनिवार-रविवारी निघतात आणि त्यांपैकी बऱ्याचशा चांगल्याही असतात. परंतु एका अर्थविचारवंताचे आयुष्य दाखवण्यासाठी गाडी चाकणच्या कांदा बाजाराकडे वळवणारी सहल मी तरी पहिल्यांदाच पाहिली, आणि जाहिरात वाचताक्षणी नाव नोंदवले. शेतकरी संघटनेचे संस्थापक आणि पुढे खुल्या बाजारपेठेचा उघड पुरस्कार करणारा राजकीय पक्ष काढणारे शरद जोशी हा सहलीचा विषय होता. एक दिवस, माणशी चौदाशे पन्नास रुपये, त्यात न्याहारी, जेवण, प्रवास आणि बत्तीस पानांची माहिती-पुस्तिका. ही सेवा दोन तरुण मिळून चालवतात. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडणार आहे त्या सगळ्या दुरुस्त होण्याजोग्या आहेत आणि त्या मी त्यांना समक्ष सांगितल्याही आहेत.

सकाळी साडेसहाला डेक्कन जिमखान्यावर, बीएमसीसी रस्त्याच्या तोंडाशी जमायचे होते. गाडी वेळेवर आली, बसायला पुरेशी जागा होती, आणि मार्गदर्शकाने छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावलेला होता, ते पाहून बरोबरच्या दोन ज्येष्ठांचे चेहरे उजळले. येथेच पहिली संधी हुकली, असे माझे मत आहे. ज्या कोपऱ्यावर आम्ही चहा घेत उभे होतो, तेथून गोखले अर्थशास्त्र संस्था चालत पाच मिनिटांवर आहे. त्या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे सहकार आणि नियोजन यांचे मोठे पुरस्कर्ते होते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने होते आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याला एका अर्थतज्ज्ञाने दिलेले उत्तर त्या इमारतीत तयार झाले, आणि त्या उत्तराला सर्वांत कडवे आव्हान देणारा दुसरा माणूस तेथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर कोरडवाहू जमीन कसत होता. सहलीची सुरुवात या दोन टोकांपासून केली असती, तर पुढचा सगळा दिवस आपोआप उलगडला असता. त्याऐवजी गाडी सुटली आणि ध्वनिक्षेपकावर घोषणांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले.

तरीही नाशिक फाटा ते मोशी या टप्प्यातले चरित्रकथन नीटस होते, हे मान्य केले पाहिजे. ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात जन्म, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून १९५७ मध्ये एम. कॉम., वर्षभर कॉलेजात अर्थशास्त्र आणि सांख्यिकीचे अध्यापन, मग १९५८ पासून दहा वर्षे भारतीय टपाल सेवेत अधिकारी आणि १९६८ पासून स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघात वरिष्ठ पद, हा क्रम मार्गदर्शकाने कागद न पाहता सांगितला. त्याच्या बोलण्याला वेग आहे, पण धाप नाही, आणि मागच्या बाकावरच्या आजींना ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षात आल्यावर तो न सांगता गाडीच्या मधोमध येऊन उभा राहिला. आंतरराष्ट्रीय नोकरी, चांगला पगार, परदेशातले स्थिर घर, हे सगळे सोडून चाळिशीचा माणूस कुटुंबासह परत का येतो, हा प्रश्न त्याने हवेत ठेवून दिला आणि उत्तराची घाई केली नाही. गाडीतली कुजबूज तेवढ्यापुरती थांबली होती.

पुस्तिकेत मात्र दोन चुका आहेत. जागतिक टपाल संघाचे मुख्यालय जिनिव्हात असल्याचे छापले आहे. ते बर्नला आहे आणि जोशींचे वास्तव्यही बर्नमध्येच होते. दुसरी चूक मोठी आहे. पिनकोडची पद्धत जोशींनी शोधली, असे विधान पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. त्या वेळी जोशी देशातही नव्हते. त्यांच्या टपाल सेवेच्या काळात त्या कामाची काही पूर्वतयारी झाली असेल, तर ती तेवढ्याच शब्दांत सांगावी. ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे इतके आहे, त्याला दुसऱ्याचे श्रेय उसने देण्याची गरज नाही.

चाकणला पोहोचल्यावर प्रथम संग्रामदुर्ग दाखवला गेला. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध हा भुईकोट कसा लढवला, यावर पाऊण तास खर्च झाला. किल्ल्याविषयी माझी तक्रार नाही, आणि कोणत्याही पुणेकराला किल्ला दाखवला की तो खूश होतो हे संयोजकांचे निरीक्षणही खोटे नाही. पण त्या पाऊण तासात बाजारातला पहिला लिलाव होऊन गेला. अर्थशास्त्राच्या सहलीत वेळेचा हा हिशेब कोणी मांडायला हवा होता.

बाजार आवारात शिरल्यानंतर सहलीने जी पकड घेतली, ती तासभर सुटली नाही, आणि या एका तासासाठी पूर्ण शुल्क द्यायला माझी हरकत नाही. लासलगावला कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोकळा येतो, येथे तो पिशव्यांत भरून येतो. पिशव्यांच्या थप्प्यांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट होती आणि पायाखाली कांद्याच्या पातीचा करकर आवाज येत होता. आडत्याचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचा, माणूस पिशवीचे तोंड सोडून ओंजळभर कांदा बाहेर ओततो, दोन कांदे मुठीत दाबून पाहतो, आणि मग भोवतीच्या व्यापाऱ्यांचे आकडे सुरू होतात. एका ढिगाचा सौदा मी घड्याळ लावून पाहिला. तो पन्नास सेकंदांत संपला. चार महिने वाढवलेल्या पिकाचे भवितव्य ठरायला एवढाच वेळ लागतो, हे वाचून माहीत असले तरी समोर पाहताना आपण नकळत त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. तो मात्र मोबाइलवर कोणाला तरी आकडा सांगत होता. फक्त आकडा, त्याच्या पुढे-मागे एकही शब्द नाही.

याच ठिकाणी मार्गदर्शकाने खिशातून पट्टीचा एक जुना नमुना काढला. पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबाची चिठ्ठी. वर मालाचे वजन आणि भाव, खाली आडत (आडत्याचे कमिशन), हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे अशा वजावटी, आणि तळाशी जे उरेल ते. वजावटी मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाल्या, तर शेतकऱ्यालाच पैसे भरावे लागतात, आणि या प्रकाराला उलटी पट्टी म्हणतात. आंबेठाणला शेती सुरू केल्यावर जोशींनी स्वतः काकडीसारखी पिके घेतली आणि आलेल्या पट्ट्यांवरून त्यांचा विचार सुरू झाला. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, लग्नकार्यात पैसे उडवतो म्हणून तो गरीब आहे, असे मानणाऱ्या त्या काळच्या सुशिक्षितांच्या समजुतींना त्यांनी आपल्या वहीतल्या हिशेबाने उत्तर दिले. एका क्विंटलला तोटा होत असेल, तर दहा क्विंटल पिकवल्यावर दहापट तोटा होणार. म्हणून उत्पादन वाढवा हा सल्ला त्यांना क्रूर वाटू लागला. मार्गदर्शकाने हे सगळे पट्टीवर बोट ठेवून, ओळीओळीने समजावले. इतक्या साध्या रीतीने एखाद्या माणसाच्या विचाराचा उगम दाखवलेला मी क्वचितच पाहिला आहे.

एक दुरुस्ती तरीही सुचवावीशी वाटते. नमुन्याच्या पट्टीत आडत शेतकऱ्याकडून कापलेली होती आणि ती आजचीच रीत असल्याच्या थाटात सांगितली गेली. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त करण्यात आला आणि आडतीचा भार शेतकऱ्यावरून खरेदीदारावर गेला. हमाली-तोलाईच्या वजावटी अजून शेतकऱ्याच्या माथी आहेत, ही गोष्ट वेगळी. जुनी पट्टी जुनी म्हणून दाखवावी आणि तिच्या शेजारी आजची ठेवावी, म्हणजे काय बदलले आणि काय बदलले नाही हे पाहणाऱ्याला स्वतःच वाचता येईल. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने तर न विचारताच ते काम केले. “दादा, आडत गेली, पण ती भाव करतानाच धरत्यात,” एवढे बोलून तो आपल्या पिशव्यांकडे निघून गेला.

१९७८ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, भाव कोसळले, आणि याच परिसरातल्या शेतकऱ्यांना घेऊन जोशींनी पहिले कांदा आंदोलन केले. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. २६ जानेवारी १९८० रोजी भामनेर खोऱ्यातल्या रस्त्यासाठी त्याच खोऱ्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत मोर्चा निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उसाला टनाला तीनशे रुपये आणि कांद्याला रास्त भाव या मागण्यांसाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखण्यात आली, आणि खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले आणि त्यांच्यावरही गोळीबार झाला. हा सगळा भाग आवारातल्या एका झाडाखाली, अर्ध्या तासात, उत्तम सांगितला गेला. “भीक नको, हवे घामाचे दाम” ही घोषणा म्हणताना बरोबरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा आवाज भरून आला. ते त्या काळी नाशिक जिल्ह्यात नोकरीला होते, आणि त्यांनी स्वतः पाहिलेले रुळांवरचे दृश्य सांगितले, तेव्हा मार्गदर्शक शहाणपणाने गप्प राहिला.

येथपर्यंतची सहल मी कोणालाही बिनदिक्कत सुचवीन. माझा आक्षेप यापुढे सुरू होतो.

आमच्यात फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. तिने विचारले, “सर, मग आज हमीभावाचा कायदा मागणारे शेतकरी नेते आणि शरद जोशी एकाच बाजूचे म्हणायचे का?” संपूर्ण दिवसातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. मार्गदर्शक म्हणाला, “दोघांचीही मागणी भावाचीच आहे,” आणि जेवणाची वेळ झाल्याची आठवण करून दिली. वास्तविक याच प्रश्नात जोशींचे निम्मे आयुष्य आहे. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव हा त्यांचा एककलमी कार्यक्रम होता, हे खरे. पण सरकारने भाव द्यावा एवढाच त्याचा अर्थ त्यांनी कधी लावला नाही. लेव्ही (सरकारने ठरवलेल्या भावाने सक्तीची खरेदी), जिल्हाबंदी (माल जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई), निर्यातबंदी, महाराष्ट्रातली कापसाची एकाधिकार खरेदी, १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा या हत्यारांनी सरकार शेतीमालाचे भाव जाणूनबुजून पाडते, कारण शहरातल्या मजुराला धान्य स्वस्त मिळाले की कारखान्यातली मजुरीही स्वस्त राहते, असे त्यांचे निदान होते. रोग भाव पाडण्यात असेल, तर औषध पाडणारा हात बाजूला करण्यात आहे, आणि म्हणून ते अनुदान वाढवा म्हणत नव्हते. भारतीय शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, म्हणजे सरकार देते त्यापेक्षा भाव पाडून जास्त काढून घेते, हा शब्दप्रयोग त्यांनी सभासभांतून रुजवला. ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही त्यांची मांडणीही याच हिशेबातून आलेली आहे. लोक तिला आजकाल शहर विरुद्ध खेडे एवढ्यावर आणून ठेवतात. त्यांच्या लेखी मात्र शोषण करणारी धोरणे आणि त्यांचे भक्ष्य यांच्यातली ती रेषा होती, आणि झोपडपट्टीत येऊन पडलेला शेतकऱ्याचा मुलगा त्यांना शहरात राहूनही भारतातलाच वाटे.

हे धरून ठेवले, तरच पुढचे त्यांचे वागणे समजते. १९९१ नंतर डाव्यांपासून उजव्यांपर्यंत बहुतेक शेतकरी नेते जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात उभे राहिले, तेव्हा जोशींनी त्याचे स्वागत केले. जागतिक व्यापार संघटनेला घाबरण्याचे कारण शेतकऱ्याला नाही, कारण जगाच्या बाजारात त्याला आजपेक्षा वाईट भाव मिळणे कठीण आहे, असे ते सांगत. त्याच सुमारास त्यांनी सीताशेती (निसर्गाशी जुळवून घेणारी कमी खर्चाची शेती), माजघर शेती (घरच्या घरी मालावर प्रक्रिया), व्यापार शेती आणि निर्यात शेती असा चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, म्हणजे शेतकऱ्याने आंदोलक राहून भागणार नाही, त्याने बाजारात उतरावे. गुजरातमध्ये २००१ साली परवानगी नसलेले बीटी (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकबदल केलेल्या) कापसाचे पीक शेतकऱ्यांच्या शेतात सापडले आणि ते नष्ट करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा ते उघडपणे शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य हा त्यांना भावाइतकाच मूलभूत हक्क वाटत होता. यातले एक अक्षरही सहलीत नव्हते. पुस्तिकेत या पंधरा वर्षांना दीड पान आहे आणि आंदोलनांना अकरा.

जेवणाविषयी थोडक्यात लिहितो. पिठले, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा आणि ताक, रस्त्यालगतच्या एका साध्या खानावळीत. भाकरी गरम होती, ताक पातळ होते. पाण्याची सोय अपुरी होती, म्हणून बाटली बरोबर न्यावी.

दुपारी आंबेठाणला जाताना दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि भाड्याच्या खोल्यांचे फलक लागतात. परत आल्यावर जोशींनी १९७७ च्या सुरुवातीला येथे कोरडवाहू जमीन घेतली, तेव्हा या रस्त्याचे रूप काय असेल याची कल्पनाच करावी लागते. त्यांनी आपल्या मळ्याला अंगारमळा हे नाव दिले. संयोजकांनी आत जाण्याची पूर्वपरवानगी काढलेली नसल्याने आम्हाला बाहेरूनच परतावे लागले. जाहिरातीत ‘अंगारमळ्याला भेट’ असे शब्द आहेत. रस्त्यावर उभे राहून आत डोकावण्याला भेट म्हणत नाहीत. मार्गदर्शकाने माफी मागितली, ती मनापासून होती, परंतु चौदाशे पन्नास रुपये घेताना ही गोष्ट आधी सांगायला हवी होती.

त्या बांधावर उभे असताना शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचा भाग सांगितला गेला आणि तो अपेक्षेपेक्षा चांगला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले. त्यापुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. पुरुषांनी आपल्या जमिनीचा एक भाग स्वतःहून बायकोच्या नावावर करावा, सरकारच्या कायद्याची वाट पाहू नये, आणि गावातल्या शंभर घरांनी असे केले की जोशी स्वतः त्या गावाला जात. मालमत्तेच्या हक्काला केंद्रस्थानी मानणारा अर्थविचार स्त्रियांच्या प्रश्नाकडे कोणत्या दाराने येतो, याचे हे सुंदर उदाहरण आहे. आमच्यातल्या एका बाईंनी, “आमच्या माहेरी सातबाऱ्यावर आईचं नाव तेव्हाच चढलं,” असे सांगितल्यावर सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. येथून राज्यसभेतल्या त्या एकाकी मताकडे जाणे किती सोपे होते! ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले आणि विरोधातले ते एकमेव मत शरद जोशींचे होते. दर निवडणुकीला सोडतीने राखीव मतदारसंघ फिरते राहिले, तर निवडून आलेल्या स्त्रीला त्याच मतदारसंघात पुन्हा उभे राहण्याची शाश्वती नाही आणि काम करण्याचे कारणही उरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो पटावा असा माझा आग्रह नाही. चांदवडला लाखांनी बायका जमवणारा माणूस चोवीस वर्षांनी सभागृहात असा एकटा उभा राहतो, हे सांगितल्याशिवाय त्याचे चरित्र पुरे होत नाही. मी मार्गदर्शकाला त्याबद्दल विचारले, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “काका, ते सांगितलं की लोक नाराज होतात.”

राजकारणाच्या एकूण भागालाच हीच भीती नडली आहे. आपण मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे सुरुवातीच्या सभांत सांगणाऱ्या जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजी आणि मिनू मसानी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र पक्षाशी असलेले नाते त्या नावातच होते. त्याआधी विश्वनाथ प्रताप सिंहांच्या काळात ते शेतीविषयक सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, आणि पुढे वाजपेयींच्या काळात कृषी कार्यबलाचे. पण मतपेटीने त्यांना साथ दिली नाही. ज्यांच्या एका हाकेवर महामार्ग ओस पडत, ते स्वतः निवडणुकीत पडले. पक्षाच्या वाट्याला राजुऱ्याहून वामनराव चटप यांच्यासारखे मोजके विजय आले. आंदोलनात बरोबर आलेला शेतकरी मतदानाच्या दिवशी जातीकडे, गावकीकडे, कारखान्याच्या अध्यक्षाकडे का वळतो, याचे उत्तर खुद्द जोशींना किती सापडले होते, याविषयी मला शंका आहे. ज्या शिवसेना-भाजप युतीवर त्यांनी एकेकाळी कडाडून टीका केली होती, तिच्याच पाठिंब्यावर २००४ मध्ये ते राज्यसभेत गेले, आणि अनेक जुने कार्यकर्ते तेव्हा दुरावले. हे अवघड आहे, पण सांगण्याजोगे आहे.

राज्यसभेत त्यांनी केलेले एक काम तर पुणेकर श्रोत्यांना फार आवडले असते. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातल्या २९-अ या कलमानुसार, नोंदणी करू पाहणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. खुल्या बाजारपेठेवर श्रद्धा असणाऱ्या पक्षाने हे खोटे का लिहून द्यावे, असा जोशींचा सवाल होता, आणि तो शब्द वगळण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. विधेयक संमत होण्याची शक्यता नव्हती. ज्यांना फुकटच्या तात्त्विक भांडणाची गोडी आहे, अशा आमच्या गावाला तरी ही गोष्ट सांगायला हवी होती.

परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात गाडी पन्नास मिनिटे अडकली. त्याचा दोष संयोजकांचा नाही. त्या वेळात चर्चा मात्र रंगली. निवृत्त बँक अधिकारी २०२० च्या तीन शेती कायद्यांविषयी बोलू लागले. ते पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले, तेव्हा जोशी हयात नव्हते. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते. ते असते तर कोणत्या बाजूला असते, यावर गाडीत दोन तट पडले. फर्ग्युसनच्या मुलीने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर आलेल्या बंदीची आठवण काढली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली हेही सांगितले. म्हणजे सकाळी पाहिलेल्या त्या पिशव्यांचा प्रश्न १९७८ पासून फारसा हललेला नाही, असे तिचे म्हणणे होते. मार्गदर्शकाने या वेळी जेवणाची आठवण काढली नाही. तो मागच्या बाकावर येऊन बसला आणि त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले.

ज्यांना जोशींचे नावही ठाऊक नाही, अशा विशी-पंचविशीतल्या मुलांनी या सहलीला जरूर जावे, बाजार आवारातला तास चुकवू नये आणि शक्य तर शनिवार निवडावा, कारण त्या दिवशी चाकणला आठवडे बाजारही असतो. ज्यांनी आंदोलनांचे दिवस पाहिले आहेत, त्यांना जुने सोबती भेटल्याचा आनंद मिळेल. खुल्या बाजारपेठेचा विचार समजून घ्यावा या अपेक्षेने येणाऱ्यांनी मात्र तूर्त थांबावे. पाचपैकी गुण द्यायचेच, तर बाजारासाठी पाच, पुस्तिकेसाठी दोन, आणि राजकारणी जोशींसाठी, त्यांना गाडीत बसवलेच नाही म्हणून, शून्य.

दहा दिवसांनी संयोजकांपैकी एकाचा फोन आला. पुस्तिकेत बर्नची दुरुस्ती झाली आहे, पिनकोडचा परिच्छेद काढला आहे आणि पुढच्या फेरीआधी मळ्याची परवानगी मागण्याचे चालले आहे, असे त्याने सांगितले. शेवटी थोडे अडखळत त्याने विचारले, “काका, राज्यसभेचा भाग तुम्ही सांगाल का? अर्धा तास मिळेल.” मी होकार दिला. अर्धा तास आणायचा कुठून, असे तो स्वतःशीच पुटपुटला, तेव्हा मी त्याला संग्रामदुर्गाची आठवण करून दिली.